छापखाना कोणाचा? घरच्या सर्व्हरचा इतिहास आणि आपला प्रश्न

मागच्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत आम्हाला प्रश्न विचारला गेला. "चळवळीला कामे काय कमी आहेत, की तुम्ही पोरं घरात सर्व्हर सांभाळत बसलात? फेसबुक आहे, व्हॉट्सॲप आहे, यूट्यूब आहे. सगळे फुकट आहे. मग हा उद्योग कशाला?" विचारणारे काका नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांना दोन मिनिटांत जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून हा लेख.

आधी उद्योग काय ते सांगतो. एका ऑफिसातून भंगारात निघालेला संगणक आम्ही विकत घेतला. तो आमच्यातल्या एकाच्या दोन खोल्यांच्या घरात कपाटावर ठेवला आहे. त्यावर पाच गोष्टी चालतात. गटाचे संकेतस्थळ, स्कॅन केलेल्या पुस्तिका आणि जुन्या अंकांचे वाचनालय, कॅसेटवरून उतरवलेली भीमगीते, सभा-मोर्चांचे फोटो, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंदवही. नावे पाच, दारे पाच, पण यंत्र एक, इंटरनेटची जोडणी एक आणि पत्ताही एकच. हे आज सहज वाटते. तीस वर्षांपूर्वी ते शक्य नव्हते, आणि मधल्या काळात अनेकदा अशक्य होता होता राहिले.

सुरुवात मात्र संगणकापासून करून चालणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. ही गोष्ट आपल्या प्रत्येक भाषणात येते, पण आपण तिचा अर्धाच अर्थ सांगतो. दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळत नाही म्हणून आपले पत्र हवे, हा झाला पहिला अर्धा. पण पत्र आपले आणि छापखाना दुसऱ्याचा असेल तर? कागद कधी येणार, उधारी किती दिवस चालणार, अंक कधी मशिनवर चढणार, हे सगळे दुसराच ठरवतो. 'मूकनायक'च्या आधी कृष्णराव भालेकरांचा 'दीनबंधू' १८७७ साली निघाला, शिवराम जानबा कांबळ्यांचा 'सोमवंशीय मित्र' १९०८ साली निघाला. बहुजनांची पत्रे का बंद पडली हे शोधायला गेलो तर विचार कमी पडले असे कुठेच दिसत नाही. कमी पडला तो पैसा आणि साधने.

म्हणून बाबासाहेब पत्रावर थांबले नाहीत, त्यांनी छापखाना उभा केला. भारत भूषण प्रिंटिंग प्रेस, जो पुढे दादरला बुद्धभूषण प्रेस म्हणून ओळखला गेला. 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये, 'समता' १९२८ मध्ये, 'जनता' १९३० मध्ये आणि त्याच 'जनता'चे १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले, ही साखळी आपल्याला पाठ असते. त्या साखळीखालचे लोखंड म्हणजे छापखाना, तो आपण विसरतो. छापखाना एका पत्रापुरता नसतो. आज साप्ताहिक, उद्या सभेचे हँडबिल, परवा वर्गणीचे पावतीपुस्तक. खिळे तेच, मजकूर वेगळा. काम झाले की खिळे सोडवून परत खणात टाकायचे आणि दुसरा मजकूर जुळवायचा. एका यंत्रावर पाच सेवा चालवणे म्हणजे याहून वेगळे काही नाही.

आता संगणकाकडे येऊ. जगातला पहिला वेब सर्व्हर कुठल्या थंडगार, पहाऱ्यातल्या इमारतीत नव्हता. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा नेक्स्ट कंपनीचा संगणक, हाच तो सर्व्हर. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. ती चिठ्ठी आमच्या कपाटावरच्या यंत्रावरही आहे, मराठीत. घरच्यांना तेवढेच पुरते.

त्या पहिल्या ब्राउझरची एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. त्यात पान वाचताही येत होते आणि लिहिताही येत होते. वाचणारा आणि लिहिणारा वेगळे असतील अशी कल्पनाच त्यात नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या मोझॅइकने वेब घराघरांत नेले, पण त्यात फक्त वाचायची सोय होती. पुढे टेलिफोनच्या तारेवरून जे ब्रॉडबँड आले त्याच्या तांत्रिक नावातच 'असमान' हा शब्द होता: घरात येणारा वेग मोठा, घरातून बाहेर जाणारा लहान. त्याला अभियांत्रिकीची कारणे होती, बहुतेक लोक वाचतच होते हेही खरे. पण परिणाम काय झाला? सामान्य घर हे घेणारे ठरले आणि देणारे दुसरेच कुणी ठरले. ज्ञान कोणी द्यायचे आणि कोणी मुकाट्याने घ्यायचे, ही विभागणी आपल्याला नवीन नाही.

एका पत्त्यावर अनेक नावे कशी नांदतात हे समजून घ्यायला बीडीडी चाळ डोळ्यांपुढे आणा. चाळीचा पत्ता एक, खोल्या ऐंशी. पोस्टमनकडच्या पाकिटावर नाव आणि खोली नंबर असतो म्हणून पत्र योग्य घरी जाते. सुरुवातीच्या वेबमध्ये पाकिटावर नावच नव्हते. ब्राउझर नावावरून पत्ता शोधायचा, चाळीच्या दारात यायचा आणि एवढेच म्हणायचा, "मुखपृष्ठ द्या." कोणाच्या घरचे, ते सांगायचा नाही. त्यामुळे एका पत्त्यावर एकच संकेतस्थळ ठेवता येई. दहा संकेतस्थळे हवीत तर दहा पत्ते घ्या, म्हणजे दहा पट पैसे मोजा.

जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीने एक ओळ सक्तीची केली. ब्राउझरने आपण कोणाकडे आलो आहोत ते नाव दारातच सांगायचे. त्या ओळीचे नाव 'होस्ट'. एवढ्या एका ओळीने गरिबाचा सर्व्हर शक्य झाला. एक यंत्र, एक पत्ता, आणि दारात बसलेला एक जण नाव ऐकून पाहुण्याला योग्य खोलीकडे पाठवतो. ते काम आधी अपाचे करत होता, २००४ पासून एन्जिनएक्स आला. आमच्याकडेही दारावर तोच बसलेला आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. दारात नाव मोठ्याने सांगायचे म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकायचे. पासवर्ड, अर्ज, खासगी माहिती यासाठी बोलणे गुप्त हवे. आणि गुप्त बोलण्याची पद्धत अशी होती की आधी ओळखपत्र दाखवायचे, मग दार लावायचे, मग नाव विचारायचे. नाव कळण्याआधी कोणाचे ओळखपत्र दाखवणार? म्हणजे पुन्हा एका पत्त्यावर एकच घर. २००३ मध्ये यावर तोडगा निघाला, नाव सुरुवातीलाच सांगायची सोय झाली. तरी विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ती सोय शेवटपर्यंत शिकला नाही, आणि एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने काढला तो एप्रिल २०१४ मध्ये. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये त्यानंतरही एक्सपीच चालत होते. आपली पोरे तिथेच बसत होती.

ओळखपत्राचेही तसेच. ते देणाऱ्या कंपन्या दरवर्षी पैसे घेत. पाच नावे तर पाच ओळखपत्रे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ती सर्वांना फुकट देऊ लागली. आज आमची पाचही दारे कुलूपबंद आहेत आणि कुलपाला एक रुपया पडलेला नाही. हे कुणाच्या दयेने झालेले नाही. कुणीतरी संघटना बांधली, काम उघड्यावर केले, म्हणून झाले.

आता दुसऱ्याच्या चाळीत राहण्याची किंमत पाहू. सप्टेंबर २००३ मध्ये भारत सरकारने याहू ग्रुप्सवरचा मेघालयातल्या एका फुटीरतावादी संघटनेशी जोडलेला 'क्यिनहुन' नावाचा एक लहानसा गट बंद करायचा आदेश दिला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना तेवढा एक गट वेगळा काढता येईना, म्हणून त्यांनी याहूचे सगळेच गट बंद केले. गुन्हा एका खोलीचा, टाळे सगळ्या चाळीला. जुलै २००६ मध्ये तेच पुन्हा घडले. यादीत मोजकी पाने होती, पण कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीजच बंद करून टाकले. भारतातून हजारो लोकांना स्वतःचेच लिखाण उघडेना.

सरकारने हात लावला नाही तरी मालक आहेच. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये गेले, तिथले जुने संदेश त्याआधीच पुसले गेले. आमच्या वयाच्या अनेकांनी गावाबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा 'जय भीम' लिहिले ते ऑर्कुटवर. आरक्षणावर रात्र रात्र वाद घातले ते तिथे. उद्या कुणी संशोधक विचारेल की २००६ साली आंबेडकरी तरुण काय बोलत होता, तर दाखवायला आमच्याकडे काय आहे? १९२७ सालचा 'बहिष्कृत भारत' वाचता येतो. वीस वर्षांपूर्वीचे आमचे आम्हाला वाचता येत नाही.

आमच्या गटाचेही एक पान होते, एका मोठ्या परदेशी कंपनीच्या जागेवर. चार वर्षांचे फोटो आणि लेख. एका सकाळी ते नव्हते. कारण विचारले तर यंत्राने लिहिलेले दोन ओळींचे उत्तर आले. अपील कुठे करायचे, कोणासमोर करायचे, काही नाही. काकांच्या 'फुकट' या शब्दाला आमचे उत्तर हे आहे.

मग स्वतःचे घर घ्या, एवढेच म्हणायचे का? इथे जमिनीचा प्रश्न येतो. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ते वाटले कसे गेले? आधी आले त्यांना वतने मिळाली. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. वापरून संपेनात म्हणून त्यांनी २०१७ मध्ये निम्मे विकायला काढले. आणि आशियाचे काय? १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत भागाचा साठा शेवटच्या टप्प्यावर आला आणि तेव्हापासून नव्या संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, असे रेशनिंग सुरू झाले. यात जात शोधायची गरज नाही. पण आधी बसलेल्याला गाव आणि नंतर आलेल्याला गावकुसाबाहेरची जागा, ही रचना ओळखीची वाटली तर तो आमचा दोष नाही.

याचा परिणाम थेट आमच्या कपाटापर्यंत पोहोचतो. पत्ते कमी म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरच्याला तुमच्या दारापर्यंत येता येत नाही. आम्ही हे अनुभवले. संगणक तयार, पाचही सेवा तयार, आणि शेजारच्या गल्लीतून उघडत नाहीत! आठ दिवस आम्ही आपलीच चूक शोधत होतो. शेवटी कळले की आम्हाला स्वतःचा पत्ताच नाही. कंपनीला महिन्याला वेगळे पैसे दिले तेव्हा कायमचा पत्ता मिळाला. ज्यांना तो मिळत नाही त्यांनी बाहेर एक छोटे भाड्याचे यंत्र घ्यावे आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा गुप्त बोगदा काढावा. मजकूर घरीच राहतो, भाड्याची असते ती फक्त पाटी. नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, तुटवडा नाही आणि तो वापरण्यात भारत जगात आघाडीवर आहे. पण पाहणाऱ्याकडेही तो असावा लागतो, त्यामुळे सध्या दोन्ही ठेवावे लागतात.

बाकी यंत्राचे फार कौतुक नको. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ३५ डॉलरला आला, २०१३ पासून डॉकरमुळे प्रत्येक सेवा आपापल्या डब्यात बंद ठेवता येऊ लागली. कॉमर्सची मुलगी दोन महिन्यांत शिकली, आज तीच हे सगळे पाहते. मेल मात्र घरून चालवू नका. घरगुती पत्त्यावरून आलेले मेल मोठ्या कंपन्या कचऱ्यात टाकतात आणि बऱ्याच इंटरनेट कंपन्या मेलची वाटच बंद ठेवतात. तिथे आम्ही हरलो आणि भाड्याची सेवा घेतली.

आता आमची चूक, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. सुरुवातीला विद्यार्थ्यांची नोंदवही त्याच यंत्रावर, बाकी चार सेवांच्या शेजारी, साध्या पासवर्डमागे होती. त्यात जातीचे दाखले होते, उत्पन्नाचे दाखले होते, फोन नंबर होते. संकेतस्थळ सगळ्या जगाला उघडे. त्यातल्या एखाद्या फटीतून कुणी आत आला असता तर पुढची भिंत फोडायला त्याला फार वेळ लागला नसता. खिळे एकाच खणात ठेवले तर काही बिघडत नाही, माणसांचे दाखले ठेवले तर बिघडते. आपल्या मुलामुलींचे दाखले कुणाच्या हाती लागले तर हॉस्टेलमध्ये, वर्गात काय होते हे आम्ही कुणाला सांगायला नको. कुणी आत आले नाही, हा आमचा शहाणपणा नव्हे, नशीब. आता नोंदवही बाहेरून दिसतच नाही, बोगद्यातून दोघांनाच उघडते, आणि अर्ज भरून झाला की दाखला पुसला जातो.

आणि सर्वांत मोठा आक्षेप काकांनी घेतला नाही, तो आम्हीच घेतो. एका घरात सगळे ठेवले आणि ते घरच गेले तर? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, आणि त्याच्यासोबत बुद्धभूषण प्रेसही. इमारत धोकादायक असल्याचे कारण दिले गेले. पुढच्या महिन्यात मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. पण ज्या छापखान्याने पिढ्या जागवल्या तो एका रात्रीत ढिगारा झाला. आणि भांडण बाहेरच्या सनातन्यांशी नव्हते, ट्रस्टचा ताबा कोणाकडे यावरून होते. छापखाना आपला होता, पण 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा, हे ठरलेले नव्हते.

घरच्या सर्व्हरचे दुखणे नेमके हेच आहे. यंत्र ज्याच्या घरी, पासवर्ड ज्याच्या खिशात, त्याचीच ती चळवळ होऊन बसते. आपल्याकडे गट फुटायला वेळ लागत नाही. उद्या आमच्यात भांडण झाले तर भीमगीतांच्या त्या कॅसेटी कोणाच्या? ज्या आजींनी त्या जपल्या त्यांच्या, की ज्याच्या कपाटावर यंत्र आहे त्याच्या? म्हणून आता दर रात्री सगळ्याची प्रत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कार्यकर्त्याकडच्या यंत्रावर जाते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहतो, कारण न उघडलेली प्रत म्हणजे नसलेली प्रत. पाचही नावे अजून एका व्यक्तीच्या नावावर नोंदलेली आहेत, ती संस्थेच्या नावावर करायची आहेत.

काकांना हेही सांगायला हवे की फेसबुक-यूट्यूब सोडा असे आम्ही म्हणत नाही. माणसे तिथे आहेत, तिथे जाऊन बोलावेच लागते. 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली गेली होती, ती वाचक तिथे होते म्हणूनच. फक्त मूळ प्रत आपल्याकडे असावी, तिकडे तिची नक्कल जावी. आणि घरात यंत्र ठेवले म्हणून सरकारचा हात पोहोचत नाही असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली कुणाचेही पान बंद करता येते आणि २००९ च्या नियमांनी ती कारवाई गोपनीय ठेवली आहे. फरक एवढाच की तेव्हा शेजाऱ्याच्या पानासाठी आमचे पान जाणार नाही, आणि पान बंद झाले तरी मजकूर आमच्या कपाटावर असेल.

यंत्राच्या किल्ल्या तिघांकडे ठेवायच्या आणि कोणत्याही दोघांनी मिळूनच कुलूप उघडायचे, असे ठरले आहे. पहिली किल्ली ज्याच्या घरी यंत्र आहे त्याच्याकडे, दुसरी त्या कॉमर्सच्या मुलीकडे. तिसरी कोणाकडे, यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत वादच झाला. पुढच्या रविवारी तिसरी बैठक आहे, काकांनाही बोलावले आहे.